१३ किलोच्या पेटीतलं पाणी

गेल्या फेब्रुवारीत माहेरी गेले होते तेव्हा दादा माझ्यावर भर बागेत ओरडला. माझं वय ४६, मुलगा कॉलेजात जाणारा, आणि मजुरांसमोर थोरल्या भावाची बोलणी खाल्ली. कारण काय, तर मी केळीचा एक घड खाली टेकवला.

झालं असं, की कापणी चालू होती. एक जण घड दांड्यावर कापतो, खाली दुसरा खांद्यावर फोमची गादी घेऊन उभा असतो. घड अलगद त्या गादीवर उतरतो आणि पेंगुळलेलं पोर न्यावं तसा बागेबाहेरच्या शेडमध्ये जातो. मध्ये कुठेही थांबायचं नाही, कुठेही टेकायचं नाही. नेमका त्या पोराच्या चपलेचा अंगठा तुटला. मी मदतीला म्हणून पुढे झाले, घड हातात घेतला. २५ किलोच्या वरचा ऐवज, मला कुठला पेलवतोय! वाळल्या पानांच्या ढिगावर मी तो ठेवला. लहानपणी आमच्याच बागेत हजारदा ठेवलेला पाहिला होता, अगदी तसाच.

“टेकवू नको व त्याले!” दादा ओरडला, पण तोवर टेकवून झालं होतं.

शेडमधल्या सुपरवायझरने घड फिरवून पाहिला, खालच्या दोन फण्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “लोकल.” म्हणजे निर्यातीतून बाद, आता इथल्याच बाजारात. मला तिथे काहीच दिसत नव्हतं. हिरवीगार, टणक केळी. “आज नाही दिसणार ताई, उद्या दिसेल.” कच्च्या केळ्याला बसलेला मुका मार दुसऱ्या दिवशी वर येतो, पिकल्यावर तर काळा पट्टाच उमटतो. आखातातलं गिऱ्हाईक आधी साल बघतं, चव मग.

त्या दुपारी मी निमूट शेडमध्ये बसून राहिले आणि केळी पेटीत कशी जाते ते पहिल्यांदा नीट पाहिलं. घड हुकाला टांगतात. वाकड्या सुरीने फण्या सोडवतात, तेव्हा कापल्या जागेतून चीक ओघळायला लागतो. तो सालीवर वाळला तर डाग, म्हणून फणी लगेच पाण्याच्या हौदात. त्या पाण्यात तुरटी असते. आमच्या आजीला तुरटी म्हणजे गढूळ पाणी निवळायची, हे एवढंच माहीत होतं. मग दुसरा हौद, मग वजन. प्रत्येक फणी वळणाला वळण मिळवून पेटीत बसवायची, मध्ये कागद, बाहेरून पिशवी, पिशवीतली हवा ओढून घ्यायची आणि झाकण. पेटी १३ किलोची. काम करणारी पोरं बिहारची. त्यांच्या हाताला इतका सराव, की काट्यावर ठेवायच्या आधीच ती सांगायची, एक फणी जास्त झाली.

सगळ्या शेडमध्ये एकच नियम. हात कमीत कमी लावायचा.

हे मला विचित्र वाटत राहिलं, कारण आमची केळी ही हात लावायची, आपटायची, रचायची, उरावर घ्यायची गोष्ट होती. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवर वॅगन भरल्या जायच्या. घडच्या घड, दांड्यासकट, खाली-वर केळीचा पाला घालून उभे रचलेले. वॅगन दिल्लीला निघायची आणि कुठल्या आडबाजूच्या स्टेशनावर अडकली तर अर्धा माल आतच पिकायचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, आपला माल दिल्लीला जाईपर्यंत देवाच्या हवाली. ते काही विनोदाने म्हणत नसत. व्यापाऱ्याची चिठ्ठी येईपर्यंत घरात मोठ्याने कोणी बोलायचं नाही.

आमचं गाव यावल तालुक्यात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधला हा यावल-रावेरचा पट्टा केळीचा. बाहेरच्या माणसाला मी जळगावकडची आहे असं सांगितलं की तो आधी उन्हाचं विचारतो, मग केळीचं. दोन्ही एका ठिकाणी कसं, हे मात्र कोणी विचारत नाही. खरं तर विचारावं. केळ हे दमट हवेचं झाड, कोकणात मोरीच्या पाण्यावर परसात वाढणारं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, वाऱ्याने केळीच्या पानांच्या चिंध्या होतात, आणि पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत आटोपलेला. तरी केळी आली, कारण सातपुड्याने हजारो वर्षं वाहून आणलेला गाळ पायथ्याला साठला होता आणि त्या गाळात पाणी भरून होतं. विहीर खणायची, मोट लावायची, पुढे मोटर लावायची. शिवाय कोरड्या हवेचाही एक फायदा आहे. पानावरचा करपा रोग ओलाव्यावर पोसतो. आमच्याकडे पावसाळा सोडला तर त्याला तेवढा ओलावा मिळत नाही. जगात जिथे केळीवर सतत औषधं मारावी लागतात, तिथल्या मानाने आमचं ऊन हेच औषध.

उन्हाला शिव्या घालतच मोठी झालेली मी हे उशिरा शिकले.

ठिबक आमच्या घरी आलं तेव्हा मी शाळेत होते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जळगावात भवरलाल जैन यांनी ठिबकचा धंदा उभा केला. वाकोदचा माणूस, रॉकेलच्या विक्रीपासून सुरुवात केलेला, मध्ये पपईच्या चिकापासून पपेन काढून निर्यात करणारा, आणि मग पाइप. आमच्या आप्पांचा पहिला सवाल होता, “झाडाले काय बोंडल्यानं पाजायचं का?” वाफ्यात पाणी तुडुंब भरून उभं राहिलेलं दिसलं म्हणजे केळीला पाणी दिलं, असा त्यांचा जन्मभराचा हिशेब. नळीतून टपटप पडणारा थेंब बघून त्यांना झाडाची कीव यायची. पहिल्या वर्षी ते दिवसा ठिबक चालवत आणि रात्री कोणी बघत नाही असं पाहून पाटाने पाणी सोडत. आईने हे आम्हाला फार नंतर सांगितलं.

मग १९९० च्या दशकात ग्रँड नैन ही केळीची जात आली. मूळ नाव फ्रेंच, अर्थ ‘थोराड बुटकी’. गावात तिचं नाव पडलं ‘टिश्यू’, कारण ती कंदातून नाही तर प्रयोगशाळेतून, पिशवीतल्या रोपाच्या रूपात यायची. आमच्याकडे आधी बसराई होती. कंद लावायचा, कुठला उगवेल कुठला नाही, कोणता आठ महिन्यांत निसवेल, म्हणजे घड बाहेर टाकेल, तर कोणता बारा. अख्खी बाग कापून व्हायला दीड वर्ष. टिश्यूची बाग एका वयाची, एका उंचीची, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी, आणि अकरा-बारा महिन्यांत कापणीला. कंटेनर भरायचा तर एका दिवशी एकाच जाडीचा, एकाच वयाचा माल लागतो. बसराईतून तो कधीच निघाला नसता. म्हणजे निर्यातीची वाट आधी रोपाने उघडली, नंतर बाकी सगळ्यांनी. घडावर पिशवी चढवणं, फण्यांची संख्या मर्यादित ठेवणं, केळफूल वेळेवर मोडणं, हे मागाहून आलं.

पुढची गोष्ट बातम्यांत येऊन गेली आहे. जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२१ च्या जूनमध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी ते मानांकन घेऊन दुबईला गेली. जगात सगळ्यात जास्त केळी पिकवणारा देश आपला, पण ती बहुतेक आपणच खातो. निर्यातीत इक्वेडोर पुढे आणि आपण कुठेतरी मागे. आमच्या पट्ट्यातून मात्र आता गाड्या सरळ न्हावा-शेवा बंदराला लागतात. कंटेनरमध्ये तापमान १३-१४ अंश. बाहेर ४५. गाडीचं दार उघडलं की मजूर दोन मिनिटं उगाचच दारात घुटमळतात.

आप्पांना वर्षाच्या सगळ्या एकादश्या पाठ. श्रावण कधी, नवरात्र कधी, उत्तरेत उपास कधी, यावर त्यांची केळी ठरायची. दादाच्या मोबाइलमध्ये रमझान कधी लागतो त्याची तारीख असते. आखातात उपास सोडायला केळी लागते, मागणी चढते, आणि रमझान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्याप्रमाणे दादाची लागणही सरकते. गावच्या मारुतीच्या पारावर बसून लोक चंद्र दिसला का ते एकमेकांना विचारतात. मला हे फार आवडतं.

सगळंच गोड नाही. चार वर्षांपूर्वी एका निर्यातदाराने दोन गाड्या नेल्या, माल उत्तम म्हणाला, आणि पैसे द्यायच्या वेळी त्याचा फोन लागेना. अर्धे पैसे आठ महिन्यांनी आले, उरलेले अजून यायचेत. एका वर्षी सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला, आमच्याकडे त्याला हरण्या म्हणतात. मावा ही कीड तो या झाडावरून त्या झाडावर नेते. औषध नाही, रोगट झाड उपटून टाकायचं बस. दादाने तीन महिन्यांची बाग स्वतःच्या हाताने उपटली आणि मग दोन दिवस कोणाशी बोलला नाही. आणि मे-जूनचं वादळ तर पाचवीला पुजलेलं. रात्री वारा सुटला की घरातला प्रत्येक जण जागा असतो आणि प्रत्येक जण झोपल्याचं सोंग करतो.

पण मला सांगायचं आहे ते पाण्याचं.

त्या दिवशी शेडमध्ये बसल्या बसल्या मी पेटीच्या झाकणावर गणित मांडलं. मी शिकवते ते गणितच, तेव्हा ही खोड जुनी. दादा म्हणाला, उन्हाळ्यात झाडाला रोज २० लिटर लागतं, कधी २५. थंडीत निम्मं. पावसाळ्याचे दिवस वजा केले तर वर्षात अडीचशे दिवस ठिबक चालतं. सरासरी १५ लिटर धरली तर एका झाडाला ३,७५० लिटर. घड २५ किलोचा. म्हणजे एका किलोमागे १५० लिटर. १३ किलोच्या पेटीमागे सुमारे २,००० लिटर. आणि २० टनांच्या कंटेनरमागे ३० लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर ३०० टँकर.

घरगुती ठोकताळा आहे, कृषी विद्यापीठाने तो खुशाल खोडून काढावा. पण आकडा लिहिल्यावर मी पेटीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं हे खरं. पाटपाण्याच्या काळात हाच आकडा कितीतरी मोठा असणार. ठिबकने पाणी वाचवलं यात शंकाच नाही. मग वाचलेलं पाणी गेलं कुठे?

“कुठं जाणार,” दादा म्हणाला, “पलीकडच्या चार एकरात.”

बरोबर. आप्पांच्या विहिरीवर तीन एकर केळी भिजायची. ठिबक आल्यावर त्याच विहिरीवर सात एकर झाली. शेजाऱ्याचीही झाली, त्याच्या शेजाऱ्याचीही. झाडागणिक पाणी कमी लागलं आणि गावागणिक जास्त. आप्पांच्या विहिरीला ६० फुटांवर पाणी होतं. मग आडवे बोअर झाले, उभे बोअर झाले, आता आमचा चालता बोअर ७०० फुटांचा आहे. आधीचे दोन कोरडे पडून बांधावर उभे आहेत, केसिंगच्या तोंडाला गोणपाट बांधून. भूजलाचा २००९ चा कायदा ६० मीटरच्या खाली शेतीसाठी विहीर घेऊ नका म्हणतो. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्या गावात दोनशे फुटांचा बोअर म्हटला तर लोक हसतील.

दादाला मी दोष देत नाही. त्याने पाणी वाया घालवलं नाही. माझ्या ओळखीतला सगळ्यात काटकसरी पाणकरी तोच आहे, झाडाच्या बुंध्याशी माती मुठीत दाबून बघितल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडत नाही. पण तो एकटा थांबला म्हणून पाणी थांबत नाही, ते जमिनीखालून शेजाऱ्याच्या बोअरला मिळतं. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, म्हणून तर तो थांबत नाही.

काही वर्षांपूर्वी तो शेतकऱ्यांच्या एका अभ्यासदौऱ्यावर इस्रायलला जाऊन आला. ठिबकचं माहेर. १९६५ मध्ये नेगेवच्या वाळवंटातल्या हात्झेरीम नावाच्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामाईक मालकीच्या वसाहतीत, नेटाफिम कंपनी सुरू झाली आणि ठिबक तिथून जगभर गेलं. दादाने फोटो दाखवले. जाळीखाली उभी केळी, खजुराच्या रांगा, शहराचं सांडपाणी शुद्ध करून शेताकडे नेणारे जांभळे पाइप. तिथे सांडपाण्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग असा शेतीला जातो. आणि एक फोटो मीटरचा. आपल्या घराबाहेर असतो तसाच, साधा, धूळ बसलेला. दादा हसत म्हणाला, “तिथं शेतकऱ्याले पानी मोजून भेटतं. बिल येतं बिल!” सगळे हसले. तिथल्या १९५९ च्या कायद्याने देशातलं सगळं पाणी सार्वजनिक मालकीचं आहे, जमिनीखालचंसुद्धा. शेतकऱ्याला त्याचा वाटा ठरवून मिळतो, आणि त्या वाट्यात जास्तीत जास्त पिकवायचं म्हणून त्याला ठिबक लागतं.

म्हणजे तिथे मीटर होता म्हणून नळीला अर्थ होता. आपण नळी आणली, रोप आणलं, पिशव्या आणल्या, पेटीची घडी कशी घालायची तेही शिकलो. मीटरचा तेवढा फोटो आणला.

हे मी एकदा घरी बोलून दाखवलं तेव्हा माझे सासरे, नाना, गालातल्या गालात हसले. माझं सासर साक्री तालुक्यात, पांझरेकाठी. लग्न आमच्या दोघांच्या पसंतीचं, म्हणून माझ्या घरात अर्धं बोलणं लेवागणबोलीत आणि अर्धं अहिराणीत चालतं आणि मुलगा दोन्हीची सरमिसळ करतो. नाना फडातले शेतकरी. फड म्हणजे काय हे यावलकडच्या मला लग्नाआधी ठाऊक नव्हतं. पांझरेवर ठिकठिकाणी दगडी बंधारे, तीन-चारशे वर्षांची ही पद्धत. बंधाऱ्यातून पाट निघतो, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, त्यात गहू, आणि तो तिसरा पाणी कमी म्हणून पडीक. पुढल्या वर्षी पाळी बदलते. जवळपास प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असतो. त्यामुळे पाणी कमी पडलं तर सगळ्यांचंच पडतं, आणि पडीक राहिलं तर सगळ्यांचंच राहतं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचा मोबदला धान्यात. पाटकऱ्याने ठरवलं की ठरलं. रात्री कोणी चोरून बारं फोडलं तर दंड.

“पानी कोना बापनं नई शे,” हे नानांचं पालुपद.

मी याचं देव्हारं माजवत नाही. फडातही पाटाच्या डोक्याच्या आणि शेपटाच्या शेतकऱ्यांची भांडणं होती, कोणाचा आवाज चालायचा आणि कोणाचा नाही हे जातीवर ठरायचं, आणि बाईमाणसाचा तर त्या बैठकीत आवाजच नव्हता. शिवाय फड आता बराचसा मोडला. वर धरणं झाली, ज्याने त्याने आपली विहीर खणली, पाटात गाळ साचला तो काढायला कोणी येईना. नानांच्या बंधाऱ्यावर आता म्हशी बसतात. पण तिथे एक गोष्ट होती. यंदा किती पाणी आहे हे आधी ठरायचं, आणि काय लावायचं ते नंतर. आमच्याकडे आधी रोपांचं बुकिंग होतं.

आता तापीच्या पुराचं पाणी सातपुड्याच्या पायथ्याने फिरवून त्याच गाळाच्या पट्ट्यात मुरवायची मोठी योजना आहे. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तिचा करार झाला. आप्पा ८४ वर्षांचे आहेत, पेपरातली ती बातमी त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि घडी घालून उशीखाली ठेवली. पाणी खरंच मुरलं तर सोन्याहून पिवळं. पण मुरलेलं पाणी कोणी किती उपसायचं, हे त्या बातमीत मला सापडलं नाही.

यंदा मे महिन्यात नाना आमच्याबरोबर यावलला आले. पहिल्यांदाच. आप्पा आणि ते बांधावरच्या लिंबाखाली खाटेवर बसले. दोघांच्या बोलीत इतकं अंतर, की निम्मं बोलणं हातवाऱ्यांवर चाललेलं. संध्याकाळी दादाने त्यांना सगळी बाग हिंडवली. ठिबकच्या नळ्या, फिल्टर, खताची टाकी. मग मोबाइल काढून दाखवलं, की कोणत्या व्हॉल्व्हला किती मिनिटं पाणी द्यायचं ते इथून ठरतं, तो नाशिकला असला तरी.

नानांनी मोबाइल हातात घेऊन बराच वेळ पाहिला. आमच्याकडे देवाचा फोटो पाहतात तसा, जरा लांब धरून.

“म्हंजे हाऊ तुन्हा पाटकरी,” ते म्हणाले.

“हो, असंच समजा,” दादा खुश झाला.

नानांनी मोबाइल परत दिला आणि काठीने बांधापलीकडे दाखवलं. तिथे शेजाऱ्याची केळी होती, नुकतीच निसवलेली, आमच्याइतकीच जोमदार. “आनि तठला?”

दादा काही बोलणार होता. तेवढ्यात लाइट आली. आमची मोटर सुरू झाली, पाठोपाठ शेजाऱ्याची, त्यापलीकडची, आणि मग शिवारभर एकामागून एक.